दुसरी वेलांटी

तिने लोखंडी पट्टी पहिल्या ओळीखाली सरकवली आणि मान न उचलता म्हणाली, "हं."

समोरून नाना वाचू लागले.

"पडसाद. पुल्लिंगी नाम. आदळून परत आलेला आवाज, अर्धविराम, प्रतिध्वनी. पूर्णविराम. पडळ. नपुंसकलिंगी नाम. डोळ्यावर येणारा पडदा. पूर्णविराम."

नानांच्या हातात संपादकांनी लिहिलेली मूळ प्रत होती आणि तिच्या पुढ्यात त्याच मजकुराचं छापखान्यातून आलेलं प्रूफ. टेबलाच्या दोन बाजूंना दोघं अशी बसत की याचं पान त्याला दिसू नये. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकत ऐकत छापलेलं तपासायचं. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. मधले अकरा महिने सोडून.

नानांचा आवाज इस्त्री केल्यासारखा होता. त्यात चढ नव्हता, उतार नव्हता. 'प्रेत' आणि 'प्रेम' ते एकाच सुरात वाचत. अगदी सुरुवातीला, ती नवीन असताना, तिने त्यांना याबद्दल विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "वाचणाऱ्याने अर्थ लावायचा नाही, बाई. अर्थ लावला की आवाज हलतो, आणि तपासणाऱ्याचा डोळा आवाजामागे जातो." त्यांच्या वाचण्यात आणखी एक होतं. आपण सगळेच बोलताना 'दिन' आणि 'दीन' एकसारखेच म्हणतो. नाना तसं म्हणत नसत. पहिली वेलांटी की दुसरी, हे त्यांच्या तोंडून ऐकू यायचं. त्यामुळे दर शब्दाला 'पहिली', 'दुसरी' असं सांगत बसायची गरज दोघांना कधी पडली नव्हती.

"पडीक," नाना म्हणाले. त्याआधी त्यांनी किंचित श्वास घेतला होता.

तिचा डोळा शब्दावर थबकला. प्रूफात 'पडिक' होतं. शब्द अकारान्त, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी दीर्घ. हा नियम तिच्या हाताला झोपेतही येत असे. तिने लाल पेन उचललं. बोटांची टोकं औषधांनी बधिर झाली होती, पेन हातात आहे हे तिला बघूनच कळत असे. तरी समासात दुसरी वेलांटी नीट उमटली.

"हं," ती म्हणाली, आणि पट्टी पुढच्या ओळीखाली सरकवली.

परत आल्याचा तो चौथा दिवस होता.

कामावर यायच्या आदल्या आठवड्यात तिने घरी एक परीक्षा घेतली होती, स्वतःची. कपाटातून जुन्या एका पुस्तकाचं प्रूफ काढलं होतं, कधीतरी तिनेच तपासलेलं. समासातल्या लाल खुणांवर कागद ठेवून तिने ते पान पुन्हा वाचलं. सात चुका होत्या. तिला दोन सापडल्या. ओळी वाचताना शब्द ओळखीचे वाटायचे आणि हसून पुढे निघून जायचे, अडवावं असं काही त्यांच्यात दिसायचंच नाही. डॉक्टर म्हणाले होते की या औषधांनी असं होतं. काहींचं सहा महिन्यांत जातं, काहींचं वर्ष-दोन वर्षांत. काहींचं जात नाही, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. तिने ते पान पुन्हा कपाटात ठेवून दिलं आणि कुणाला काही बोलली नाही.

ऑफिसात तिला 'गाळणी' म्हणत. तिच्या हातून गेलेल्या पानात चूक राहत नाही अशी ख्याती होती. परत आली त्या सकाळी मशीनवाला हात पुसत खालून वर आला होता. "आली का गाळणी! संपलं, आता आमचं काही खरं नाही." मग तिच्या डोक्यावरचा सुती रुमाल बघून त्याने एकदम आवाज मोठा केला, जणू ती दूर उभी होती, "छान दिसताय हां, बाई! एकदम छान!"

"कान शाबूत आहेत माझे," ती म्हणाली. तो हसला, पण पाठ वळल्यावर हसू टिकलं नसावं. जिन्यात त्याची शीळ ऐकू आली नाही.

व्यवस्थापक साहेबांनी तिला केबिनमध्ये बसवून पाणी दिलं होतं. विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दकोशाची नवी आवृत्ती निघत होती. ती नसताना 'न'पर्यंतचं काम बाहेरच्या एका मुलीने केलं होतं, घरी बसून, संगणकावर.

"तुम्ही घाई करू नका," साहेब म्हणाले. "प हे काही लहानसहान अक्षर नाही. झेपतंय का बघा. प संपला की फपासून पुढचं ठरवू. आणि नाहीच झेपलं, तर खाली विक्रीचं टेबल आहे. चांगली सावली आहे तिथे, येणाऱ्या-जाणाऱ्याशी चार शब्द होतात."

"इथे ऊन आहे का, साहेब?"

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. 'झेपतंय का' हे त्यांनी इतक्या मऊपणे विचारलं होतं की तिला ते दिवसभर टोचत राहिलं.

पहिल्या दिवशी तिला एकच चूक सापडली होती. पान स्वच्छ असेल, असं तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी चार सापडल्या, तिसऱ्या दिवशी सात. चूक जवळ आली की तिला आधीच कळे. कसं ते सांगता आलं नसतं. कानाच्या मागे काहीतरी सावध होई, आणि डोळा नेमका जाऊन पडे. पूर्वीही असंच व्हायचं का? व्हायचं असेल. गंजलेलं कुलूप एकदा फिरलं की फिरतं, असं तिला वाटलं. पुढच्या आठवड्यात 'पापणी' आली. "डोळ्यावरील झाकण, अर्धविराम, त्याच्या कडेचे केस," नाना वाचत होते. तिने नकळत स्वतःच्या केस झडलेल्या पापणीवरून बोट फिरवलं, बोटाला काहीच लागलं नाही, आणि तिला त्या शब्दाचं हसू आलं. त्याच ओळीत नाना जरासे अडखळले होते. तिथे 'त्याच्या'चा अर्धा च गळला होता. तिने तो टिपला.

घरी गोष्ट निराळी होती. आजारपणात थोरली बहीण सोबतीला येऊन राहिली होती आणि अजून गेली नव्हती.

"अगं, हे कालवण आहे की समुद्र?" ताई चमचा खाली ठेवत म्हणाली. "दोनदा मीठ घातलंस."

"नाही गं, एकदाच."

"मी इथे बसून बघितलं. घातलंस, डबा ठेवलास, परत काढलास." ताईने उठून भांड्यात पाणी ओतलं. "मला वाटतं तू डोकं ऑफिसात ठेवून येतेस आणि घरी नुसतं धड आणतेस."

"ठेवत असेन. तिथे लागतं ते."

"जमतंय ना पण?" ताईचा आवाज बदलला.

"ताई, आज अकरा काढल्या. अकरा! नाना म्हणाले, पूर्वीसारखं झालं."

नाना असं काही म्हणाले नव्हते. ते कधीच काही म्हणत नसत. पण ताईने डोळे पुसले, आणि ती गोष्ट खरी असल्यासारखी दोघींच्या मध्ये ताटाशी राहिली.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, मशीनवाला छापलेला भलामोठा कागद दोन्ही हातांत धरून वर आला. शाई ओली होती. त्या कागदावर कोशाची सोळा पानं होती; या फर्म्याच्या निम्म्या प्रती छापून झाल्या होत्या.

"बाई, एक विचारू? अडाण्याचा प्रश्न आहे."

"विचार."

"पीक म्हणजे कोकिळ, हे कधीपासून?" त्याने बोट ठेवलं. "नाही, म्हणजे शेतात आता कोकिळ पेरायचे का? आणि कापणीला आले हे कसं ओळखायचं, गायला लागले की?"

तो स्वतःच्याच विनोदावर मोठ्याने हसला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि कागद हळूच टेबलावर ठेवला.

'पिक' म्हणजे कोकिळ. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, त्याची वेलांटी पहिलीच राहते. अकारान्ताचा नियम त्याला लागत नाही. 'पीक' ते शेतातलं, आणि ते चार पानं पुढे आपल्या जागी होतंच. इथे 'पिंपळ' आणि 'पिकणे' यांच्यामध्ये कोकिळ दुसरी वेलांटी लावून उभा होता.

साहेबांनी केबिनमध्ये प्रूफाची फाइल काढून ठेवली होती. त्यांनी ते पान तिच्याकडे वळवलं. छापखान्याने बरोबर 'पिक'च जुळवलं होतं. त्यावर लाल गोल होता आणि समासात, ठसठशीत, दुसरी वेलांटी. अक्षर तिचं. पानाच्या तळाशी सही तिची.

"बाई, हे..." साहेब थांबले.

"साहेब, चूक माझी आहे."

नाना दारात उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"त्या शब्दाला मला खोकला आला," ते म्हणाले, त्याच सपाट आवाजात. "पिक म्हणायचं ते पीक म्हटलं गेलं. त्यांनी ऐकलं तसं केलं."

साहेबांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. "खोकला. अच्छा. म्हणजे चूक ती चूकच, नाना, पण... माणसाला खोकला येणारच. शुद्धिपत्र टाकू, दुसरं काय." ते तिच्याकडे वळले. "असंच झालं ना, बाई?"

तिला तो क्षण लख्ख आठवत होता. गेल्या तीन आठवड्यांतलं पुष्कळ काही पुसट होतं, पण तो नव्हता. नाना 'पिक'च्या आधी थांबले होते, खोकले होते, आणि मग त्यांनी स्वच्छ 'पिक' म्हटलं होतं. ऱ्हस्व. तिने ते ऐकलं होतं. तरी इथे काहीतरी आहे असं तिला वाटलं होतं. तिने शब्दाकडे पाहिलं, काही दिसेना, पुन्हा पाहिलं. आणि मग हाताने आपला आपणच नियम लावला होता.

"हो," ती म्हणाली. "असंच झालं."

उरलेली दुपार दोघांनी वाचलं नाही. नानांनी शुद्धिपत्राचा मजकूर लिहिला, तिने तो तपासला. एका ओळीत तपासायला काही नव्हतं. पाच वाजता नाना छत्री घेऊन निघाले. "येतो, बाई," एवढंच म्हणाले. ती खुर्चीत बसून राहिली. ऐकू नीट आलं होतं, दिसतही नीट होतं. मग मी तिथे का थांबले? तिने बराच वेळ त्या प्रश्नाभोवती फेऱ्या घातल्या, आणि उत्तर आलं ते इतकं साधं होतं की तिला आधी पटेना. नाना थांबले म्हणून.

मूळ प्रतीचा गठ्ठा फडताळात होता. नानांच्या बाजूचा तो कागद तिने एकोणीस वर्षांत कधी हातात घेतला नव्हता. गरजच नव्हती. तिने नाडी सोडली आणि 'पि'चं पान काढलं.

समासात, ओळींच्या कडेला, शिसपेन्सिलीचे ठिपके होते. इतके बारीक की कागदातला कण वाटावा. एका पानावर पाच. शुद्धिपत्रासाठी केबिनमधून आणलेल्या फाइलीतलं प्रूफाचं पान तिने शेजारी ठेवलं. तिच्या लाल खुणा सहा होत्या. पाच खुणांच्या ओळींना पाच ठिपके. सहावी खूण 'पीक'ची, तिथे ठिपका नव्हता. तिथे नानांना नुसता खोकला आला होता.

तिने मागचं पान घेतलं. मग त्याच्या मागचं. 'पापणी'च्या ओळीला ठिपका. 'पडीक'च्या ओळीला ठिपका. खिडकीतला उजेड टेबलावरून खाली उतरला तरी ती मागे मागे जात राहिली. पहिल्या दिवशीच्या पानांवर ठिपके नव्हते. पण त्या दिवशीच्या प्रूफावर लाल खुणा होत्या. तिला आठवत होती एक, आणि होत्या नऊ. अक्षर तिच्यासारखंच होतं. समासातल्या खुणेची शेपटी ती नेहमी वर उडवते. आठ खुणांची शेपटी खाली होती. कुणीतरी सावकाश, पट्टी धरल्यासारखं, तिचं अक्षर काढलं होतं.

तिने सगळा हिशोब पुन्हा एकदा केला, कारण ती तपासनीस होती. पहिल्या दिवशीची ती एक सोडली, तर तीन आठवड्यांत ठिपक्यावाचून तिने स्वतःहून केलेली दुरुस्ती एकच होती.

रात्री ताईने विचारलं, "आज किती काढल्यास?"

"आज वाचलं नाही," ती म्हणाली आणि ताटातला घास कालवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती साडेसातला ऑफिसात पोचली. वरच्या मजल्यावर दिवा होता. नाना तिच्या खुर्चीत बसले होते. पुढ्यात आजचं प्रूफ, शेजारी मूळ प्रत, नाकावर चष्मा पार टोकाला आलेला, आणि हातात शिसपेन्सिलीचा एवढासा तुकडा.

त्यांनी वर पाहिलं. दचकले नाहीत. पेन्सिल मात्र टेबलावर आडवी ठेवली.

"तुमच्या खुर्चीत बसलो," ते म्हणाले. "इथे उजेड बरा येतो."

"बसा."

ती त्यांच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिथून मान वळवली की खिडकी दिसत होती, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची नुसती भिंत.

"रोज किती वाजता येता?"

"सात. सव्वासात."

"पहिल्या दिवसापासून?"

"दुसऱ्या." नानांनी चष्मा काढला. "पहिल्या दिवशी तुम्ही गेल्यावर सहज प्रूफ चाळलं. 'पक्षी'ला पहिली वेलांटी होती, बाई. 'पक्षि'! शाळेतलं पोर सोडत नाही. ती तशीच होती, आणि खाली तुमची सही होती." ते थांबले. "मला ती सही तशी बघवेना."

"म्हणून माझं अक्षर काढलंत."

"वाईट काढलं."

"शेपट्या चुकल्यात."

"हो का?" नानांना ते खरंच माहीत नव्हतं. त्यांनी समासातल्या खुणेकडे निरखून पाहिलं आणि मान हलवली.

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं. तिने त्या आवाजाला संपू दिलं.

"नाना, तुम्हीच म्हणायचात, आवाज हलला की डोळा आवाजामागे जातो. माझा डोळा तीन आठवडे तुमच्या आवाजामागे हिंडतोय. आंधळ्याला काठी द्यावी तशी तुम्ही दिलीत, आणि त्याला वाटलं दिसायला लागलं. मी घरी सांगितलं हो. हसले मी घरी."

नानांनी चष्मा दुमडून प्रूफावर ठेवला.

"मला सांगायचंत. एका शब्दाने. बाई, जमत नाहीये, म्हणायचं."

"आणि मग?"

"मग मी बसले असते विक्रीच्या टेबलाशी."

"तुम्ही बसला असता," नाना म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "तुम्हाला ते टेबल दाखवलंय. मला नाही दाखवलेलं, बाई. ती बाहेरची मुलगी पडद्यावर वाचते, मनातल्या मनात. तिला वाचून दाखवायला माणूस लागत नाही. तुम्ही नव्हता ते अकरा महिने मी खाली गठ्ठे बांधत होतो. सुतळी कापायची, गाठ मारायची. साहेब म्हणाले, तेवढ्यापुरतं आहे. मग तुम्ही आलात." त्यांनी पेन्सिलचा तुकडा बोटांनी गोल फिरवला. "तुमच्यासाठी केलं असं मी म्हणणार नाही. तुमच्यासाठीही केलं. पण नुसतं तुमच्यासाठी नाही."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या तळव्यावर सुतळीचा पिवळट घट्टा होता. तीन आठवडे समोरासमोर बसून तिला तो दिसला नव्हता. तीही एक सुटलेली चूकच, असं तिच्या मनात आलं.

"साहेब दहाला येतील," ती म्हणाली. "मी त्यांना सांगणार आहे. पीक मी केलं. तुम्ही बरोबर वाचलं होतंत आणि मी बरोबर ऐकलं होतं."

"काल हो म्हणालात."

"काल म्हणाले."

"आणि हे?" नानांनी मूळ प्रतीकडे बोट केलं.

"ठिपके तुमचे आहेत. त्यांचं काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

नानांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. मग उठले, टेबलाला वळसा घालून आले. तीही उठली. दोघं आपापल्या खुर्चीत बसली. घड्याळात आठ वाजायला आले होते.

"आज किती पानं बघून झालीत तुमची?" तिने विचारलं.

"दोन."

"मग पहिल्यापासून घेऊ. आणि नाना, सपाट."

"ठिपके दिलेत मी. दिसणार मला."

"दिसू देत. तुम्ही वाचणारे. तुम्ही अर्थ लावायचा नाही."

नानांनी घसा साफ केला, मग तिच्याकडे ओशाळून पाहिलं, आणि वाचू लागले.

"पूर. पुल्लिंगी नाम. पाण्याचा लोंढा. पूर्णविराम. पूर्ण. विशेषण. सगळा, स्वल्पविराम, संपूर्ण..."

सुरुवातीला त्यांनाच जमेना. तिसऱ्या ओळीला आवाज किंचित जड झाला. "नाना," ती म्हणाली. ते थांबले, ओळ पुन्हा घेतली. पुढे मात्र आवाज हळूहळू बसत गेला, आणि मग तो पूर्वीचा झाला. एक लांब, सारखा, कुठेही न वाकणारा आवाज. त्याच्यात धरायला काही नव्हतं. तिला एकदम एकटं वाटलं. शब्द पुन्हा ओळखीचं हसून पुढे सरकू लागले. तिने पट्टी दाबून धरली. एकेका अक्षराशी थांबायचं, त्याचं तोंड बघायचं, मग सोडायचं. 'पूर्ण'चा ऊकार. बरोबर. 'पुर्वग्रह'. नाही, थांब. दुसरा ऊकार हवा. खूण केली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पापण्यांना केस नसले की ते असंच वाहतं. तिने ते वाहू दिलं, पुसायला हात उचलला तर ओळ सुटली असती.

पान संपलं. लाल खुणा चार झाल्या होत्या.

नानांनी पान उलटायला हवं होतं. त्यांचा हात कागदावर तसाच होता, पालथा, न हलता.

तिने त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता म्हणाली, "हात उचला, नाना."

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"आणि तोंड खिडकीकडे करा."

"बाई, मी काही..."

"करा हो. भिंत बघा जरा. एकोणीस वर्षं बघताय, अजून थोडी."

नानांनी खुर्ची वळवली. त्यांची पाठ तिच्याकडे झाली. सदऱ्याची एक शिवण खांद्याशी उसवली होती. तिने पट्टी उचलली, पानाच्या पहिल्या ओळीखाली नेली, आणि या वेळी कुणाच्याही आवाजाशिवाय, ओठ हलवत, ते पान पुन्हा वाचलं. वेळ लागला. खाली मशीन सुरू झालं, मजला बारीक थरथरायला लागला. सत्ताविसाव्या ओळीत 'पूर्वी'च्या अर्थात 'आधी'ची वेलांटी पहिली पडली होती. नुसत्या 'आधी'चा 'आधिव्याधी'तला आधि झाला होता. तिने पेन टेकवलं आणि तिथे दुसरी वेलांटी काढली.

तिने शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन पट्टी बाजूला ठेवली. पाच. नानांचा हात थांबला होता तो याच एकीसाठी, की पानात अजून कुठे काही होतं, हे त्या पाठीवरून कळण्यासारखं नव्हतं. ती थोडा वेळ बसून राहिली. मग पानाच्या तळाशी सही केली.

"वळा," ती म्हणाली. "पुढचं पान."